आड, पोहरा आणि पाण्याची रेल्वे

१२ एप्रिल २०१६ रोजी भल्या पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात एक गाडी येऊन थांबली. त्या गाडीतून कोणी प्रवासी उतरले नाहीत. तिच्या दहा टाक्यांमध्ये मिळून पाच लाख लिटर पाणी होते. राजस्थानातील कोटा येथे धुऊन स्वच्छ केलेल्या या टाक्या मिरजेस कृष्णेच्या पाण्याने भरण्यात आल्या होत्या आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून त्या तहानलेल्या लातुरात पोहोचल्या होत्या. पुढे टाक्यांची संख्या पन्नासवर गेली आणि एका फेरीत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. ‘जलदूत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीने पावसाळा स्थिरावेपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या केल्या.

त्या दिवसांत लातूरचे नाव देशभर झाले. मराठी माणसाच्या ओठांवर मात्र एक जुनी म्हण आली असेल: आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? पाऊस कमी झाला म्हणून आड आटला, हे खरे आहे. पण तेवढेच खरे आहे काय? लातूर आणि नांदेड या दोन शहरांनी आपले पाणी गेल्या हजार-बाराशे वर्षांत कसे साठविले, कसे वाटले आणि कसे विसरले, याचा मागोवा घेतला, तर या प्रश्नाचे उत्तर थोडे वेगळे मिळते. ते उत्तर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरापर्यंत आणि न्हाणीघरापर्यंत येऊन पोहोचते.

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूर’ नगरीचे अधिपती म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. याच राजवंशाची साक्ष नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे आजही उभी आहे. कंधारचा भुईकोट किल्ला खंदकाने वेढलेला आहे आणि गावाजवळच्या विस्तीर्ण तलावाला ‘जगत्तुंग सागर’ असे नाव आहे. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. ज्या प्रदेशाला समुद्राचे दर्शन नाही, त्या प्रदेशाच्या राजाने तलावालाच सागर म्हणावे, यात त्या काळच्या माणसाला पाण्याचे किती मोल होते, हे दिसून येते. पुढे चालुक्य आणि यादव यांच्या काळात मराठवाडाभर बारवा बांधल्या गेल्या. पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत जाता यावे, अशी त्यांची रचना असे. पाणी किती खाली गेले, हे पायऱ्या मोजून कोणालाही कळत असे. पाण्याची पातळी हे त्या काळी गुपित नव्हते. ती सर्वांना रोज डोळ्यांनी दिसत होती.

सामान्य कुटुंबाची सोय आडावर चाले. माळवदाच्या घरांच्या चौकात किंवा परसात आड असे, रहाट असे, आणि पोहऱ्याने शेंदलेले पाणी रांजणात भरले जाई. शेंदण्याचे कष्ट हाताला जाणवत असल्याने पाणी वाया घालवण्याची कोणाची छाती होत नसे. भाजी धुतलेले पाणी गुरांना मिळे, न्हाणीचे पाणी परसातील अळू, कर्दळ आणि केळीच्या बुंध्यापाशी जाई. आज शहरांतून ज्याला सांडपाण्याचा पुनर्वापर असे भारदस्त नाव दिले जाते, तो त्या घरांचा नित्याचा परिपाठ होता.

परंतु या जुन्या चित्राला एक काळी किनार आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बारव देखणी होती, पण ती सर्वांची नव्हती. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तिच्या पायऱ्या उतरण्याची मुभा नव्हती. कोणीतरी वरून ओतील तेव्हा खाली ओंजळ धरायची, हा कित्येक पिढ्यांचा अनुभव होता. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांच्या पूर्वजांनी ही ओंजळ धरली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, तेव्हा तो प्रश्न तहानेपेक्षा माणुसकीचा होता. योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे येशू स्वतः पाणी मागतो, तो प्रसंग आपण उपवासकाळात ऐकतो. शिवाशिवीच्या भिंती पाण्यापाशीच सर्वांत उंच असतात, हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना त्या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणूनच शहरात नळ आला, ही साधी घटना नव्हती. नळ जात विचारत नाही. आडाची काटकसर आपल्याला हवी आहे, पण आडाची विषमता नको आहे. पुढील सर्व विवेचन ही मर्यादा ध्यानी ठेवूनच वाचावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लातूर ही निजामाच्या राज्यातील वाढती बाजारपेठ होती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली आणि तेलबिया, कापूस व धान्य यांचा व्यापार बहरला. सोळा रस्ते जिथे एकत्र येतात, ती गंजगोलाई या भरभराटीची खूण होय. हीच रेल्वे १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत नेण्यात आली. एके काळी ज्या मार्गाने लातूरची संपन्नता बाहेर जात होती, त्याच मार्गाचे रुंदीकरण झाल्यावर, शंभर वर्षांनंतर, त्यावरून लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. इतिहासाची ही कलाटणी विचार करायला लावणारी आहे.

१९७२चा दुष्काळ मराठवाड्यातील वडीलधाऱ्या माणसांच्या स्मरणात अजून ताजा आहे. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेला मिलो आणि लाल गहू, यांच्या आठवणी घरोघर सांगितल्या जातात. त्या काळात ख्रिस्ती मिशन केंद्रांनीही कामाच्या मोबदल्यात धान्य देऊन अनेक ठिकाणी विहिरी खोदल्या. मराठवाड्याने याच सुमारास जगाला एक मोलाची वस्तू दिली. जालना येथील मिशनच्या कार्यशाळेत विंधन विहिरींसाठी मजबूत पोलादी हातपंप घडविण्याचे प्रयोग झाले. त्यावर सोलापूरच्या मिशन कार्यकर्त्यांनी सुधारणा केल्या आणि त्यांतूनच पुढे ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार झाला. आशिया-आफ्रिकेतील असंख्य खेड्यांत आजही त्याचा दांडा हलतो आहे.

याच दुष्काळाने दोन माणसांना वेगळ्या वाटेने नेले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे द्यायचे आणि त्यावर ऊस घ्यायचा नाही, हे तिचे नियम होते. दुसरे होते १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी. नुसते धान्य वाटून दुष्काळ हटत नाही, पडणारे पाणी डोंगरमाथ्यावरच अडवावे लागते, हे त्यांनी ओळखले. १९९०च्या दशकात भारत-जर्मनी सहकार्याने महाराष्ट्रात जो पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम राबविला गेला, त्याचे ते प्रवर्तक होते. गावाने श्रमदान केले पाहिजे, झाडतोड आणि मोकाट चराई थांबविली पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. २०२१ साली ते निवर्तले. त्यांनी खेड्यांना शिकविलेला धडा शहरांनी मात्र गिरविला नाही.

कारण शहरांना तोवर दूरचे पाणी मिळू लागले होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे मांजरा नदीवरील धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प उभा राहिला. १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. नांदेडला १९९७ साली आणि लातूरला २०११ साली महानगरपालिका मिळाली. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार आणि नांदेडची साडेपाच लाख भरली. घरात तोटी आली. अंगणातले आड कचऱ्याने बुजले, काहींवर बांधकामे झाली. माळवदे पाडून सिमेंटच्या गच्च्या झाल्या आणि त्यांवरचे पावसाचे पाणी नळीतून थेट रस्त्यावर सोडण्यात आले. पाणी कोठून येते आणि किती उरले आहे, हे आता कोणालाही डोळ्यांनी दिसत नव्हते. बारवेच्या पायऱ्या मोजणारी नजर आपण गमावली, ती येथे.

मांजरा खोऱ्यात या काळात साखर कारखानदारी वाढली आणि तिच्याबरोबर ऊसही वाढला. एक किलो साखरेमागे शेतात दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. ज्वारी, करडई आणि तूर यांच्या या मुलखात उसाने पाण्याचा मोठा वाटा घेतला. शेतकऱ्याला हमखास पैसा देणारे तेच पीक असल्यामुळे त्याला दोष देऊन चालणार नाही. पण खोऱ्याचा हिशेब चुकला, एवढे निश्चित.

धरणातले पाणी कमी पडले की लोक जमिनीखालच्या पाण्याकडे वळले. मराठवाड्याची भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. तिच्यात पाणी मावते ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. त्याखाली फारसे काही नसते. दुष्काळात तारणहार ठरलेली विंधन विहीर पुढे घरटी एक झाली आणि लातुरात कूपनलिका सातशे-आठशे फुटांपर्यंत खाली गेल्या. एकाची कूपनलिका खोल गेली की शेजाऱ्याची आटायची. ज्याच्याजवळ पैसा त्याला पाणी, हा नवा गावकुसाचा नियम झाला.

लागोपाठच्या अवर्षणांनंतर २०१६च्या आरंभी मांजरा धरण कोरडे पडले. त्यात उरला होता तो गाळ. यिर्मया संदेष्ट्याला ज्या टाक्यात सोडण्यात आले, त्यातही पाणी नव्हते, चिखल होता, याची येथे आठवण होते. मार्च महिन्यात जिल्हा प्रशासनाला पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले. पाण्यासाठी माणसे एकमेकांवर हात उगारतील, ही भीती सरकारी आदेशात लिहिली गेली. मग मिरजेहून गाडी आली. पंचवीस लाख लिटर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. शहराच्या लोकसंख्येने त्याला भागले, तर माणशी साडेसहा लिटर येतात, म्हणजे जेमतेम एक कळशी. त्याच उन्हाळ्यात लातूरच्या नागरिकांनी वर्गणी गोळा करून साई ते नागझरी या सुमारे अठरा किलोमीटरच्या पट्ट्यात मांजरेचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेतले, हेही नोंदवले पाहिजे. पाणी सरकार देईल, ही सवय मोडून शहर स्वतः नदीकडे चालत गेले. आणि त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा धरण भरून वाहिले.

या सर्व कथेतून एक हिशेब मांडून पाहू. लातूर परिसरात वर्षाला सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. यरुशलेम नगरीत साडेपाचशेच्या आसपास पडतो, आणि तेथील घरे शतकानुशतके छपरावरचे पाणी खडकात कोरलेल्या टाक्यांत साठवीत आली. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर सत्तर हजार लिटर पाणी होते. वीस टक्के वाया गेले असे धरले, तरी छप्पन्न हजार लिटर हाती लागतात. जलदूत गाडीने सगळ्या फेऱ्यांत मिळून सुमारे पंचवीस कोटी लिटर पाणी आणले. म्हणजे जेवढे पाणी आपण कृष्णाकाठाहून आणले, तेवढे लातूर शहरातील साडेचार हजार गच्च्यांवर एका सामान्य पावसाळ्यात पडते. दुष्काळी वर्षी पाऊस निम्मा झाला, तर नऊ हजार गच्च्या लागतील. जे पाणी आपल्या डोक्यावर पडले, ते आपण गटारात सोडले आणि त्याच पाण्याची साडेतीनशे किलोमीटरवर याचना केली.

नांदेडची गोष्ट वरवर निराळी दिसते. तेथे गोदावरी शहराच्या कुशीतून वाहते. पण विष्णुपुरीचा जलाशय लहान आहे, सुमारे ऐंशी दशलक्ष घनमीटरचा. वरच्या धरणांतून पाणी सुटले नाही, तर नदीकाठच्या या शहरालाही उन्हाळा जड जातो. गुरू गोविंदसिंगजींच्या स्मृतीशी निगडित त्रिशताब्दी सोहळा २००८ साली झाला, त्या निमित्ताने शहरात रस्ते, जलवाहिन्या आणि मलनिस्सारणाची मोठी कामे झाली. तरीही शहराचे नाले गोदावरीला मिळणे हे जुने दुखणे राहिले आहे. लातूरने पाणी साठविले नाही आणि नांदेडने ते निर्मळ राखले नाही, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. मांजरा नदी अखेर तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीलाच जाऊन मिळते. दोन शहरांची पापे आणि पुण्ये शेवटी एकाच प्रवाहात येतात.

आपण आपल्या घरी काय करावे? प्रथम, गच्चीवरचे पाणी. पहिला पाऊस वाहू द्यावा, नंतरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून झाकलेल्या टाकीत घ्यावे, आणि टाकी भरल्यावर उरलेले कूपनलिकेभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडावे. पाच माणसांच्या कुटुंबाला स्वयंपाकाला व पिण्याला दिवसाला शंभर लिटर लागतात असे धरले, तर छप्पन्न हजार लिटर हे वर्षभराहून अधिक काळाचे पाणी आहे. मोठ्या इमारतींना पर्जन्यजल साठविण्याचा नियम राज्यात आहेच. तो कागदावरून गच्चीवर यायला हवा. दुसरे, पाण्याचा दुहेरी उपयोग. जलशुद्धीकरण यंत्र शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर टाकते. ते बादलीत धरले, तर फरशी आणि संडास त्यावर निघतात. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी झाडांना चालते. तिसरे, गळती. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी वर्षाला दीड हजार लिटर पाणी घालवते. तिला लागणारा वायसर काही रुपयांत मिळतो. चौथे, ताट. ज्वारीची भाकरी, करडईचे तेल आणि तुरीचे वरण हे या मातीचे अन्न. ते ताटात परतले, तर शेतातला पाण्याचा ताण हलका होतो. पाचवे, नाला. रंग, तेल, प्लॅस्टिक आणि निर्माल्य मोरीत वा नदीत न टाकणे, हे गोदावरीवरचे ऋण फेडण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

ही कामे क्षुल्लक वाटतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रातून दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, आणि पाण्याची काटकसर, कचरा वेगळा करणे, लागेल तेवढेच रांधणे, अशा घरगुती कृतींचे मोल कमी लेखू नये. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. हक्काशिवाय काटकसर म्हणजे गरिबांना दिलेला कोरडा उपदेश होय, आणि काटकसरीशिवाय हक्क म्हणजे रिकामी तोटी होय. वसईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. बावखलांच्या आणि विहिरींच्या त्या प्रदेशात हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाणी आणि हिरवाई राखण्यासाठी लोकलढा उभारला. जानेवारी २०२० मध्ये तेच उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून लातूरच्या शेजारी आले, हा योग मोठा सूचक होता.

२०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत हाच मराठवाडा अतिवृष्टीने आणि पुराने झोडपला गेला. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांनी शेते व घरे वाहून जाताना पाहिली. ज्यांनी रेल्वेच्या पाण्यासाठी रांग लावली, त्यांच्याच दारात नऊ वर्षांनी पाणी शिरले. अशा काळात पाणी अडवणे, जिरवणे आणि मोजून वापरणे ही केवळ उन्हाळ्याची चिंता राहिलेली नाही.

ख्रिस्तसभा १ सप्टेंबर हा निर्मितीसाठी प्रार्थनेचा दिवस पाळते आणि ४ ऑक्टोबरपर्यंत, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, हा काळ चालतो. मराठवाड्यात हेच परतीच्या पावसाचे दिवस असतात. या वर्षी त्या दिवशी आपल्या चर्चच्या छपराचे पाणी कोठे जाते, हे धर्मग्रामातील तरुणांनी एकदा पाहावे, आणि ते टाकीत वा जमिनीत जाईल अशी सोय करावी. टाकीची एक तोटी कुंपणाबाहेर, रस्त्याच्या बाजूला काढावी. शेजारची वस्ती कोणत्याही धर्माची आणि जातीची असो, तिला ते पाणी मागावे लागू नये. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले होते. ज्याने विपुलतेचा चमत्कार केला, त्यानेच काही वाया जाऊ देऊ नये अशी आज्ञा केली. आडात पाणी असेल, आणि पोहरा सर्वांच्या हाती असेल, तर पुढच्या दुष्काळात लातूरला मिरजेच्या गाडीची वाट पाहावी लागणार नाही.